लांब पल्ल्याचे सुखासन

दूरच्या प्रवासासाठी सुखकर सायकल कोणती, या प्रश्नाचा विचार आजवर मुख्यतः सपाट रस्त्यांच्या, कोरड्या हवेच्या आणि सढळ खिशाच्या देशांत झालेला असल्यामुळे त्याची उत्तरे गुहागरात आणली की पहिल्याच चढावर ती धापा टाकू लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील या तालुक्याला उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखाशी असलेली दाभोळची खाडी, दक्षिणेस शास्त्री नदीची जयगडची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशी तीन बाजूंनी पाण्याची हद्द असून, उरलेल्या चौथ्या बाजूने सुमारे ४५ किलोमीटरांवरील चिपळूणला जाणारा रस्ता निघतो. खुद्द गुहागर गाव समुद्राला समांतर, नारळी-पोफळींच्या आगरांतून लांबट पसरलेले आहे. वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंतचा रस्ता इतका सपाट आहे की त्यावर कोणतीही सायकल सुखकर वाटते आणि म्हणूनच सायकलीची पारख करण्याच्या कामी तो अगदीच निरुपयोगी ठरतो. गावाबाहेर पडणारी वाट मात्र लवकरच सड्याकडे चढू लागते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. किनाऱ्याची गावे समुद्राच्या पातळीला आणि त्यांना जोडणारा रस्ता बहुतेक सड्यावरून, अशी ही रचना असल्यामुळे पालशेत, हेदवी, तवसाळ या क्रमाने दक्षिणेकडे निघालेल्या स्वाराला प्रत्येक गावात जाण्यासाठी एकदा उतरावे आणि गावातून निघाल्याबद्दल एकदा चढावे लागते.

असे असूनही गुहागर लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या नकाशावर चांगलेच रुजलेले आहे. मुंबई-पुण्याकडून सायकलीने गोव्याला निघालेले स्वार महामार्गावरील ट्रकांची सोबत टाळण्यासाठी रेवस ते रेडी या सागरी मार्गाला लागतात, दाभोळला फेरीबोटीत चढून धोपाव्याच्या धक्क्यावर उतरतात, सगळा तालुका उत्तर-दक्षिण ओलांडतात आणि तवसाळला दुसरी फेरीबोट धरून जयगडला जातात. दुसरा वर्ग ब्रेव्हेवाल्यांचा आहे. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक मुदतीत, वाटेतल्या ठाण्यांवर हजेरी लावत, मागे मदतीची गाडी न ठेवता पुरे करण्याचा उपक्रम; २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास ही त्याची मुदत जगभर एकच आहे. या प्रथेचे मूळ १८९१ साली सुरू झालेल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या शर्यतीत असून आज ती शर्यत न राहता चार वर्षांतून एकदा, सुमारे १२०० किलोमीटर ९० तासांत पुरे करण्याचा सोहळा झाली आहे. ब्रेव्हेत पहिला आणि शेवटचा यांच्यात भेद केला जात नसल्यामुळे वेगाचा मुद्दा बाजूला पडतो आणि चाळीस तास या वस्तूवर बसवणार कसे, एवढाच प्रश्न उरतो. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने, अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली; हे तिघेही डॉक्टर निघाल्यामुळे प्रकृतीचे कारण काढून सायकलीला विरोध करण्याची मराठी कुटुंबांची जुनी सोय तेव्हापासून बरीच कमकुवत झाली आहे.

गुहागर तालुक्यात सायकलीच्या सुखाची पहिली परीक्षा स्वार घेत नाही, ती रस्त्याकडेची मंडळी घेतात. शर्यतीच्या सायकलीचे हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले असते, त्यामुळे स्वार कमरेतून वाकतो. आणि असा वाकलेला, हेल्मेट घातलेला सद्‌गृहस्थ शृंगारतळीच्या बाजारातून जाऊ लागला की, ‘काय हो, खाली पैसे सांडलेत काय?’ अशी आस्थेने विचारपूस होते. या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे. हवेचा विरोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ती आठपट लागते, आणि वाकल्याने हवेला आडवे येणारे शरीर कमी होते. तथापि हे उत्तर ताशी ४० किलोमीटरांनी जाणाऱ्याच्या तोंडी शोभते. पालशेतची घाटी ताशी ७ किलोमीटरांनी चढणाऱ्याने हवेला चुकवण्यासाठी वाकून राहावे, यात हवेला तिच्या योग्यतेपेक्षा जास्त मान दिला जातो.

किती वाकावे लागेल हे ठरवणाऱ्या दोन मापांना सायकलशास्त्रात स्टॅक आणि रीच अशी नावे आहेत. पायडलांचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो तिच्या मध्यापासून, हँडल जिच्यात बसते त्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. शर्यतीच्या सायकलीत स्टॅक कमी आणि रीच जास्त असतो, म्हणजे स्वार खाली आणि पुढे ओढला जातो. लांब पल्ल्याच्या, ज्यांना विक्रेते ‘एन्ड्युरन्स’ म्हणतात अशा सायकलींत हे उलट केलेले असते आणि दोन चाकांमधले अंतरही थोडे वाढवलेले असते, जेणेकरून स्वार जरा ताठ बसतो आणि सायकल खड्ड्यात बिचकत नाही. ही मापे कारखानदार मिलिमीटरांत छापतात. त्यांपुढे स्वाराच्या पोटाचा घेर हा जास्त विश्वासू मार्गदर्शक आहे. पायडल वर येताना मांडी पोटाला लागत असेल तर स्टॅक अपुरा आहे असे समजावे, कारण पोट कमी करण्याचा दुसरा उपाय दर हंगामात आंब्यांमुळे पुढे ढकलला जातो. वजन हातांवर फार आले तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दाबली जाते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. शहरात याचा परिणाम शर्टाची बटणे लावताना दिसतो. कोकणात तो पानावर बसल्यावर, कढी भातात ठरत नाही तेव्हा, सर्वांच्या लक्षात येतो.

सायकल आणि सुख यांचे नाते इतिहासातही सरळ राहिलेले नाही. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेन अशी आजची सायकल जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे आणली, आणि १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने, मुलाच्या तीनचाकीचे धक्के बघवेनात म्हणून केलेल्या हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे १९३३ साली फ्रान्सिस फोर या फारसे नाव नसलेल्या फ्रेंच स्वाराने मागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायच्या सायकलीवर तासाभरात कापलेल्या अंतराचा विक्रम मोडला. ज्याला पाठ टेकता येते, मान मोडत नाही आणि जे पुन्हा वेगानेही धावते असे वाहन मिळाल्याबद्दल आनंद होण्याऐवजी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ साली सायकलीची व्याख्याच अशी बदलली की ही वस्तू शर्यतीपुरती सायकल राहिली नाही. जो रेलून बसतो तोच पुढे जातो, ही भारतीय कचेऱ्यांत सर्वमान्य असलेली पद्धत युरोपात अशा रीतीने नाकारली गेली, आणि त्यानंतरची नव्वद वर्षे उर्वरित मानवजात कमरेतून वाकून सुखाचा शोध घेत आहे.

या शोधाची दिशा समजून घेण्यासाठी जुन्या काळ्या सायकलीचे वर्णन करणे अवश्य आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत पोस्टमन, दूधवाले आणि शाळामास्तर यांच्या बुडाखाली जी सायकल होती, ती मुंबईत वरळीच्या हिंद सायकल्सची असो, १९४९ साली मद्रासेत निघालेल्या टी. आय. सायकल्सची असो, सोनीपतच्या १९५१ च्या अ‍ॅटलसची असो वा लुधियानाच्या १९५६ च्या हिरोची असो, तिची कुळकथा एकच होती. अठ्ठावीस इंची चाके, दीड इंच, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर, रुंद टायर, सीटखाली जाड स्प्रिंगा, छातीच्या पातळीला येणारे हँडल, दांड्यांचे ब्रेक, साडी किंवा धोतर अडकू नये म्हणून पुरते चेनकव्हर, पुढे-मागे मडगार्ड, कॅरियर, डायनामो, घंटी आणि दोन पायांवर ठाम उभे करणारे स्टँड असा तिचा सरंजाम असे, आणि या सगळ्याचे वजन वीस किलोंच्या वर जाई. या सायकलीवरून कोणी कोकणातल्या घाट्या चढत नसे, हे येथे नमूद केले पाहिजे. देशावर जशी घरोघर सायकल गेली तशी ती येथे गेली नाही, कारण वाडीपर्यंत पोचणारी पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, चाकासाठी बांधलेलीच नव्हती. जेथे ती होती तेथे चढाला लागली की मालक उतरे आणि उरलेली वाट दोघे बरोबरीने चालत.

आता बाजारात जे घडले ते असे, की वेगाच्या नावाखाली या सरंजामातील एकेक वस्तू काढून टाकण्यात आली आणि पुढे सुखाच्या नावाखाली त्यांतील बऱ्याच वस्तू, प्रत्येकीची वेगळी किंमत लावून, परत बसवण्यात आल्या. मडगार्ड गेले, कॅरियर गेले, हँडल खाली गेले, टायर २३ मिलिमीटरांपर्यंत आक्रसले आणि त्यांत शंभर पौंडांच्या वर हवा ठासली जाऊ लागली, कारण कडक आणि अरुंद टायर वेगाने पळतो अशी सर्वांची श्रद्धा होती. ती श्रद्धा काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर खरीही ठरते. खऱ्या रस्त्यावर मात्र कडक टायर प्रत्येक खडीवरून स्वारासकट वर उडतो आणि पुढे जाण्यासाठी खर्चायची ताकद स्वाराला वरखाली हलवण्यात जाते. म्हणून शर्यतवाले आधी २५, मग २८ आणि खडबडीत रस्त्यांसाठी ३० ते ३२ मिलिमीटरांवर आले. टायरमधल्या हवेचे आकारमान साधारणपणे रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २३ च्या जागी ३२ मिलिमीटरांचा टायर घातला की हवा जवळजवळ दुप्पट मावते आणि साठ पौंडांच्या आसपास दाब ठेवूनही रिम आपटत नाही. ‘ग्रॅव्हल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांच्या सायकलींचे टायर तर ३८ ते ४० मिलिमीटरांवर गेले आहेत, म्हणजे पोस्टमनच्या मापावर. ट्रेक कंपनीने २०१२ साली आपल्या डोमाने या सायकलीत सीटची नळी सांगाड्यापासून अंशतः सुटी करून तिला लवण्याची मुभा दिली, आणि स्पेशलाइज्ड कंपनीने रूबे या सायकलीत हँडलच्या खाली स्प्रिंग दडवली. पोस्टमनची स्प्रिंग सीटखाली उघडीच असे आणि तिच्याबद्दल त्याच्याकडून वेगळे पैसे घेतले जात नसत.

सांगाडा कार्बनचा घ्यावा, अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा की पोलादाचा, यावर सायकलप्रेमींच्या बैठकांत रात्री जागवल्या जातात. गुहागरच्या रस्त्यावर मात्र टायरमधली दहा पौंड हवा कमी केल्याने जो फरक पडतो तो सांगाड्याच्या पदार्थाने क्वचितच पडतो, आणि हवा फुकट सोडता येते.

सीटचे प्रकरण वेगळे आणि अधिक नाजूक आहे. मनुष्य ज्या हाडांवर बसतो त्या श्रोणीच्या खालच्या दोन टोकांना शरीरशास्त्रात आसनास्थी म्हणतात. त्यांच्यामधले अंतर माणसागणिक निराळे असते, त्याचा माणसाच्या बाह्य विस्ताराशी ठरावीक संबंध नसतो आणि ते मोजण्यासाठी दुकानदार गिऱ्हाइकाला एका मऊ पट्टीवर बसवून उठलेल्या दोन खळग्यांमधले अंतर घेतो. हा विधी सहसा सायंकाळी, दुकानात ओळखीचे लोक असतानाच होतो. सीट या दोन हाडांना आधार देण्याइतकी रुंद हवी आणि मांड्या घासणार नाहीत इतकी अरुंद. येथवर मतभेद नाही. मतभेद मऊपणावर आहे. नवशिक्या गिऱ्हाइकाला अंगठ्याने दाबून खोल जाणारी, जेलने भरलेली रुंद सीट आवडते, आणि पहिली दहा मिनिटे त्याचे बरोबरही असते. तिसऱ्या तासाला मात्र हाडे जेलमध्ये रुततात, बाजूला सरलेला जेल मधल्या मऊ भागावर उलटा दाब आणतो, तेथील रक्तप्रवाह आखडतो आणि ज्या अवयवांचा उल्लेख कुटुंबात होत नाही त्यांचा विचार करत स्वार पुढचे दीडशे किलोमीटर कापतो. म्हणून अनुभवी लोक दगडासारख्या भासणाऱ्या सीटवर बसतात आणि नवशिक्यांना ती त्यांची तपश्चर्या वाटते. ब्रूक्स या इंग्रज कंपनीची बी-१७ ही ताणलेल्या चामड्याची सीट १८९६ पासून निघते आहे. काही शे किलोमीटरांनंतर तिचे चामडे मालकाच्या आसनास्थींपुरते खोलगट होते आणि मग ती दुसऱ्या कोणाच्याही कामाची राहत नाही, हा तिच्यावर बसण्याची सवलत शेजाऱ्यांना नाकारण्यासाठीही चांगला आधार आहे. गुहागरात तिचा दोष एकच, की आषाढात घरातल्या चपला, पट्टे आणि पाकिटे यांच्याबरोबर तिलाही बुरशी येते आणि श्रावणात ती हिरवट मखमलीची दिसते.

सीटची उंची हा जेथे शास्त्र आणि लोकाचार यांची उघड गाठ पडते असा भाग आहे. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड याने प्रचलित केलेल्या सूत्राप्रमाणे पायाच्या आतल्या बाजूची लांबी, म्हणजे जमिनीपासून जांघेपर्यंतचे माप, ०.८८३ ने गुणले की पायडलांच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ७८ सेंटिमीटर पाय असलेल्यास ती सुमारे ६९ सेंटिमीटर येते. या उंचीवर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, आणि नेमके हेच कोकणी माणसाला मान्य नाही. बसल्याजागी दोन्ही टाचा जमिनीवर आल्या पाहिजेत, कारण वळणावर एसटी येते, म्हैस उभी असते किंवा ओळखीचा माणूस हटकतो, हे त्याचे म्हणणे रहदारीच्या दृष्टीने बिनतोड आहे. गुडघ्यांच्या दृष्टीने मात्र ते महागात जाते, कारण सीट बुटकी असली की गुडघा प्रत्येक फेरीत वाजवीपेक्षा जास्त दुमडून भार घेतो आणि हेदवीच्या दशभुजा गणपतीच्या दर्शनाला आलेल्या स्वाराला देवळाच्या पायऱ्या कठड्याला धरून चढाव्या लागतात.

आता गिअरांकडे वळले पाहिजे, कारण पोस्टमनच्या सायकलीचे गुणगान येथे संपते. गुहागरहून निघणारा १६६ ई हा राष्ट्रीय महामार्ग चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड, जत असा करत थेट विजापूरला जातो. कागदावर पाहता गुहागरच्या समुद्रात चाक भिजवून गोलघुमटाकडे सरळ निघण्यास काहीच हरकत दिसत नाही. हरकत पोफळी मागे पडल्यावर सुरू होते. जुन्या सायकलीत पायडलांची एक फेरी पुरी झाली की सायकल सुमारे सव्वापाच मीटर पुढे जाई, त्यात कमीजास्त करण्याची सोय नसे. सेकंदाला एक फेरी या सहज तालाने दहा टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटरांत दहा मीटर उंची, चढायचा तर ७० किलोंचा माणूस आणि २२ किलोंची सायकल यांना वर नेण्यासाठीच पावणेपाचशे वॅटच्या जवळपास शक्ती लागते, जी धडधाकट हौशी माणसाला मिनिट-दोन मिनिटांपलीकडे देता येत नाही. नव्या सायकलीत पुढे ३४ आणि मागेही ३४ दातांची चक्रे जुळवली की एका फेरीत ती सव्वादोन मीटरांच्या आतच सरकते. सायकलीचे वजन १० किलो धरल्यास त्याच तालाला १६५ वॅटच्या आसपास पुरतात, आणि स्वार ताशी साडेसात किलोमीटरांनी, आजूबाजूची झाडे ओळखत, न उतरता वर पोचतो. मागचे सर्वांत मोठे चक्र किती दातांचे आहे हे न विचारता सांगाड्याचा रंग आधी विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला कोकणात सायकल विकू नये, असा नियम करण्यास हरकत नाही.

याउलट वजनाबद्दलची हळहळ बरीचशी अनाठायी आहे. सायकल एक किलोने हलकी करण्यासाठी गिऱ्हाईक पुष्कळदा एका मोटारसायकलीच्या किमतीइतका खर्च करते. त्या एका किलोला शंभर मीटर उंच नेण्यासाठी शरीराला सुमारे एक किलोकॅलरी खर्चावी लागते, म्हणजे एका उकडीच्या मोदकाची नुसती शेंडी त्याहून भारी भरते. सर्वांत हलकी सायकल घेऊन वेळणेश्वरी मुक्कामाला आलेला स्वार दोन्ही वेळच्या जेवणात ही सगळी बचत समारंभपूर्वक परत करतो.

पावसाचा विचार परदेशी सूचनापत्रांत एखाद्या ओळीत उरकलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांत उरकून घेतो. जांभ्याची तांबडी माती त्यात मिसळली की रस्त्यावर जे द्रव्य तयार होते ते मडगार्ड नसलेल्या सायकलीच्या मागच्या चाकावरून स्वाराच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत एक सरळ तांबडा पट्टा ओढते. हा पट्टा धुण्याने फिका होतो, जात नाही, आणि घरात कपडे धुणाऱ्याच्या नजरेत सायकलीची खरी किंमत त्यावरूनच ठरते. तेव्हा टायरच्या वर मडगार्ड बसण्याइतकी जागा आणि त्यासाठी स्क्रूची भोके आहेत की नाहीत, हे सुखाचे पहिले लक्षण मानण्यास हरकत नाही. हीच माती रिमवर दाबल्या जाणाऱ्या रबरी ब्रेकांत शिरून रिम घासून काढते आणि ओल्या उतारावर ब्रेक दाबल्यानंतर सायकल थांबेपर्यंत बराच वेळ विचार करायला मिळतो. चाकाच्या मध्याशी असलेल्या लहान चकतीला धरणारे डिस्क ब्रेक म्हणूनच येथे चैन ठरत नाहीत. खारी हवा हा आणखी एक भागीदार. समुद्राकडेच्या घरात पोलादी चेन आठवड्याभरात तांबूस होते, आणि त्यावर घरोघरचा उपाय म्हणजे खोबरेल. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजत असल्यामुळे पौषातल्या पहाटे चेन आणि बाटली या दोन्ही एकदमच घट्ट होतात. दिवस वर आला की तेल पातळ होऊन रस्त्यावरची धूळ उदारपणे गोळा करते.

वाटेत सायकल बिघडली तर ती दुरुस्त करणारा माणूस कोठे मिळेल, याचा सुखाशी असलेला संबंध विक्रेते सांगत नाहीत. आबलोलीच्या नाक्यावर पंक्चर काढणारा कारागीर घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधण्यात तरबेज असतो, ठिगळ लावण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही, आणि चाकाचा आउट तर तो नुसत्या नजरेने काढतो. अडते ते हवेपाशी. जुन्या सायकलीच्या ट्यूबचा वॉल्व्ह एका जातीचा, मोटारसायकलीचा दुसऱ्या जातीचा आणि महागड्या सायकलीचा, बारीक आणि टोकाला इवलासा स्क्रू असलेला, तिसऱ्याच जातीचा असल्यामुळे पंपाचे तोंड आणि वॉल्व्हचे तोंड जुळत नाही, आणि लाखाच्या पुढची सायकल हवेवाचून उभी राहते. यावर बोटाच्या पेराएवढे पितळी टोपण मिळते. ते अगदी थोड्या पैशांत येत असल्यामुळे विकत घेण्याचे कोणालाच सुचत नाही. ब्रेव्हेला निघणाऱ्याने ते हँडलच्या नळीत किंवा देवाच्या तसबिरीच्या जोडीने पाकिटात, जेथे हमखास सापडेल तेथे ठेवावे.

पोशाखाचा भाग थोडक्यात आटोपता येतो. लांब पल्ल्याच्या विजारीला बैठकीच्या जागी गादी शिवलेली असते आणि तिच्या आत दुसरे काही घालायचे नसते, कारण शिवणी घासतात; ही माहिती दुकानदार नेहमी आवाज खाली आणून देतो. अशा अंगाबरोबरच्या विजारीत व्याडेश्वराच्या देवळात रांगेत उभे राहण्याची वेळ आली की सुखाची व्याख्या बदलते आणि एका पंचाला सामानात कायमची जागा मिळते. पायडलात खटकन अडकणारे बूटही असेच. त्यांच्या तळाला लहान पट्टी असते, तिच्यामुळे पाय घसरत नाही असे म्हणतात, ते सायकलीवर असेपर्यंत खरे आहे. शेवाळलेल्या पाखाडीवर त्याच पट्टीमुळे स्वाराला बसल्याबसल्या खाली येता येते.

पोस्टमनच्या सरंजामातील एक वस्तू मात्र परत आलेली नाही. चांगल्या रोड सायकलीला स्टँड नसते, आणि कार्बनच्या सायकलीला ते मागाहून लावता येत नाही, कारण त्याची पकड घट्ट केली की मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पोकळ नळ्या चिरडण्याची भीती असते. फेरीबोटीवर सायकल पैलतीर येईपर्यंत हाताने धरून उभे राहावे लागते. रस्त्यावर ती कोणाच्या तरी गडग्याला, म्हणजे आवाराच्या जांभ्याच्या भिंतीला, टेकवावी लागते. ती टेकली की घरातून मालक बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, येतो, ती कोणाची, कुठून आली आणि कुठे निघाली याची चौकशी करतो, तांब्याभर पाणी देतो, मग दांड्याखाली दोन बोटे घालून सायकल वर उचलतो आणि तिच्या हलकेपणाची खात्री पटल्यावर मान डोलावून म्हणतो, ‘बरी आहे हो. घाटीत ढकलत न्यायला सोपी.’